‘सगळं केलं’ म्हणजे काय काय केलं? कोविडकाळातल्या शुश्रूषेच्या आठवणी गोळा करून वस्तीत प्रदर्शन कसं मांडावं

आजाऱ्याची सेवा मराठीत एका क्रियापदात मावते. ‘सुनेनं सासूचं सगळं केलं.’ ‘त्यानं बापाचं शेवटपर्यंत केलं.’ या ‘केलं’मध्ये रात्रीची जागरणं असतात, पथ्यपाणी असतं, दर चार तासांनी बोटाला लावलेला ऑक्सिमीटर असतो, दाराबाहेरच्या स्टुलावर ठेवलेलं ताट आणि ते परत उचलताना हाताला सुटलेला कंपही असतो. सांगणारी मात्र ‘केलं आपलं’ म्हणून मोकळी होते. कोविडकाळातल्या शुश्रूषेच्या आठवणी गोळा करायच्या, तर या एका शब्दाची घडी उलगडावी लागते. पुढे जे काही लिहिलंय ते त्यासाठीच.

हे आत्ता का करायचं, तेही सांगते. १८९७ च्या प्लेगमध्ये पुण्याजवळ रुग्णसेवा करताना सावित्रीबाई फुले यांना संसर्ग झाला आणि १० मार्चला त्या गेल्या, हे आपण शाळेत शिकतो. त्या साथीचे सरकारी कागदही बरेच मिळतात. पण त्याच महिन्यांत घरोघरी ज्या बायकांनी गाठ आलेल्या माणसांच्या उशापायथ्याशी रात्री काढल्या, त्यांचा शब्द जवळपास उरलेला नाही. कोविडची आकडेवारी उरेल. ऐंशीच्या घरातली माणसं आणि त्यांची दुखणी काढणारी पन्नाशी-साठीतली माणसं मात्र विसरू लागली आहेत, किंवा ठरवून विसरताहेत.

आधी हद्द आखा

‘महाराष्ट्रातला कोविड’ असा विषय घेऊ नका. एक चाळ, एक वाडी, एक वॉर्ड, एक गाव घ्या. पहिल्या प्रदर्शनाला पंधरा ते वीस आवाज पुरे. तेवढ्या मुलाखती नीट घेऊन लिहून काढायला दोन-तीन माणसांना सहज चार-पाच महिने लागतात.

यादी करताना पहिली नावं डॉक्टर आणि नगरसेवकांची सुचतात. ती बाजूला ठेवा, त्यांचे सत्कार झाले आहेत आणि त्यांच्या मुलाखती छापूनही आल्या आहेत. यादीत अशी माणसं हवीत: घरातली शुश्रूषा करणारी बाई, पहिल्यांदाच भाकरी थापलेला नवरा, आईवडील दोघंही दवाखान्यात असताना धाकट्या भावंडाला सांभाळलेली बारा वर्षांची मुलगी, जी आता कॉलेजात आहे, आशाताई, अंगणवाडी सेविका, कोविड सेंटरमधल्या मावशी आणि वॉर्डबॉय, सफाई कामगार, रुग्णवाहिकेचा चालक, स्मशानभूमीत आणि कब्रस्तानात काम केलेली माणसं, विलगीकरणातल्या घरांना डबे पोचवणारे शेजारी, शाळेत विलगीकरण केलं तेव्हा तिथे स्वयंपाक केलेल्या ताई. आणि ज्याचं ‘केलं’ गेलं तो आजारीही हवा. आपलं अंग दुसऱ्याच्या हाती सोपवावं लागणं हाही त्याच गोष्टीचा अर्धा भाग आहे, आणि तो फार कमी वेळा सांगितला जातो.

‘कोविड योद्धा’ हा शब्द प्रदर्शनाच्या नावात घेऊ नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे. तो शब्द लागला की माणूस शौर्याचं सांगू लागतो आणि भीती, चिडचिड, न मिळालेला मोबदला गिळून टाकतो. महाराष्ट्रातल्या सुमारे सत्तर हजार आशाताई जून २०२१ मध्ये मानधनासाठी बेमुदत संपावर गेल्या होत्या. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं देशभरातल्या आशांचा गौरव केला. या दोन्ही गोष्टी एकाच फलकावर हव्यात.

दोरी: तारखांची नव्हे, सणांची

मुलाखतीआधी एक आठवणदोरी तयार करा. ‘एप्रिल २०२१ मध्ये काय झालं?’ असं विचारलं तर माणूस गोंधळतो. ‘त्या वर्षीच्या पाडव्याला घरात कोण कोण होतं?’ म्हटलं की बोलू लागतो. आमच्या दोरीवर या चिठ्ठ्या असतात:

९ मार्च २०२०, पुण्यात राज्यातले पहिले रुग्ण. २२ मार्च, जनता कर्फ्यू आणि थाळ्या. २५ मार्च, गुढीपाडवा आणि त्याच दिवशी सुरू झालेली टाळेबंदी. १ जुलै, आषाढी एकादशी; त्या वर्षी पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या. २२ ऑगस्ट, गणेश चतुर्थी, छोट्या मूर्ती. १५ सप्टेंबर, ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम. ताप आणि ऑक्सिजन मोजायला पथकं दारोदार आली. १४ नोव्हेंबर, दिवाळी. १६ जानेवारी २०२१, लसीकरणाची सुरुवात. १३ एप्रिल २०२१, पुन्हा गुढीपाडवा. दुसरी लाट ऐन भरात, खाटा आणि रेमडेसिविरसाठी वणवण.

कोकणात असाल तर ३ जून २०२० चं निसर्ग वादळ, मे २०२१ मधलं तौक्ते आणि २२ जुलै २०२१ चा चिपळूणचा पूर हवाच. तिथे साथीची आठवण वादळाच्या आठवणीत गुंतलेली आहे. छपरावरचे पत्रे उडालेल्या घरात आजारी माणूस कुठे निजवला, असं विचारल्याशिवाय ती सुटत नाही. तुमच्या गावची जत्रा, कापूस वेचणीचा हंगाम, ऊसतोडीहून परतण्याचा काळ, असं काहीबाही दोरीला जोडा. तारीख चुकली तर मध्ये टोकू नका, नंतर टिपणात दुरुस्त करा.

परवानगी एकदा घेऊन भागत नाही

फॉर्मवर सही घेतली की झालं, असं समजणारे मी बरेच पाहिले. प्रत्यक्षात परवानगी तीनदा घ्यावी लागते: बोलण्याआधी, ध्वनिमुद्रण ऐकवल्यानंतर, आणि प्रदर्शनात नेमका तुकडा निवडल्यावर. बोलताना माणूस वाहत जातो. नंदेबद्दल, दिराबद्दल, पैशांबद्दल बोलून जातो. दुसऱ्या दिवशी त्याची झोप उडते.

प्रत्येक गोष्टीसाठी वेगळा होकार घ्या. मुद्रण करू का? लिहून काढू का? गावातल्या प्रदर्शनात ऐकवू का? इंटरनेटवर ठेवू का? खरं नाव, टोपणनाव की फक्त ‘एक आशाताई’? फोटो? आवाज ओळखू आला तर चालेल का? चौथ्या प्रश्नाला ‘नाही’ आणि तिसऱ्याला ‘हो’ असं उत्तर फार वेळा येतं, त्याचा मान ठेवा. सही करता येत नसेल किंवा कागदाची भीती वाटत असेल तर होकार बोलूनच मुद्रित करा. ‘कधीही काढून घ्या म्हणालात तर काढून घेऊ’ हे वाक्य मोठ्यानं म्हणा, आणि त्यासाठी कोणाला फोन करायचा तो नंबर कागदावर लिहून द्या.

दवाखाना, डॉक्टर किंवा शेजारी यांच्यावर आरोप आला तर मूळ मुद्रण जसंच्या तसं जपा. प्रदर्शनात नाव न घेता तो अनुभव येऊ द्या. गेलेल्या माणसाच्या देहाचे तपशील ऐकवायचे असतील तर घरातल्या इतरांनाही विचारा.

नाव देण्याबाबत उलट बाजूही आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, त्यातल्या कितीतरी आज ‘पारी’ या संकेतस्थळावर ऐकता येतात. तिथे ओवीबरोबर गाणारीचं नाव आणि गाव असतं. ‘एक ग्रामीण महिला’ असं नसतं. जिला नाव हवंय तिचं नाव ठळक छापा. सुरक्षिततेच्या नावाखाली बाईचं नाव गाळायची सवय आपल्याला फार आहे.

मुद्रण

साध्या मोबाइलवर उत्तम काम होतं. फोन फ्लाइट मोडवर टाका, नाहीतर ऐन वेळी रिंग वाजते. कॉलरला लावायचा तारेचा माइक हजार रुपयांच्या आत मिळतो, खर्च करायचा तर तिथे करा. ‘वेव्ह’ प्रकारची फाइल होणारं ॲप घ्या; ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, मोनो अशा मुद्रणाला तासाला साधारण ५२० एमबी लागतात, तेवढी जागा आधीच मोकळी करा. पंखा, फ्रीज, कुकरची शिट्टी आणि रस्त्यावरचा भंगारवाला या चार गोष्टींचा बंदोबस्त करायचा. दुपारी दोन ते चार ही वेळ बहुतेक घरांत बरी असते. गोधड्या-चादरी असलेल्या खोलीत आवाज घुमत नाही.

सुरुवातीला स्वतःच्या आवाजात तारीख, गाव आणि कोण कोण बसलंय ते सांगा. बोलणं पाऊण ते सव्वा तास चालू द्या, त्याहून जास्त ताणू नका. शक्यतो एकटीशी बोला. नवरा किंवा मुलगा शेजारी बसला की तो तारखा दुरुस्त करत राहतो आणि बाई गप्प होते. त्याला दुसऱ्या खोलीत त्याची स्वतंत्र मुलाखत द्यायला बसवा. तीही हवीच आहे.

प्रश्न

माझी पहिलीच मुलाखत फसली होती. नात्यातल्याच एका मावशींना विचारलं, ‘तेव्हा तुम्हाला कसं वाटलं?’ त्या म्हणाल्या, ‘काय वाटायचं, केलं आपलं.’ दहा मिनिटांत सगळं संपलं. मी फोन खिशात टाकला आणि चहाची वाट पाहत सहज म्हटलं, ‘मावशी, त्यांची भांडी कुठे घासायचात?’ मग त्या चाळीस मिनिटं बोलल्या. वेगळं ताट, ओळखू यावं म्हणून वाटीला बांधलेला लाल दोरा, मागच्या दारी तापवलेलं पाणी, राख की साबण यावरून जावेशी झालेला वाद, आणि नवरा गेल्यावर ते ताट कुठे ठेवायचं हे न कळल्यामुळे अजून माळ्यावर असलेली पिशवी. मुद्रण बंद होतं. दुसऱ्यांदा गेले तेव्हा त्या बोलल्या, पण तसं नाही.

तेव्हापासून मी भावनेचा प्रश्न विचारत नाही. हाताला काय लागलं, पाय कुठे कुठे गेले, ते विचारते.

‘सकाळी उठल्यावर पहिलं काम कोणतं?’ ‘ताट कुठे ठेवायचात? परत कोण उचलायचं?’ ‘घरात किती खोल्या, संडास कुठे? मग कसं जमवलंत?’ ‘आकडे कोण लिहायचं, कशावर?’ ‘रात्री किती वेळा उठायचात? स्वतः कधी जेवायचात?’ ‘पालथं झोपवताना काय करायचात?’ ‘औषध आणायला कोण गेलं, पैसे कुठून आले?’ ‘दारावरून कोण काय ठेवून जायचं? कोण यायचं बंद झालं?’ ‘तुम्ही स्वतः आजारी पडलात तेव्हा तुमचं कोणी केलं?’

शेवटच्या प्रश्नावर बहुतेक बायका थांबतात. ती शांतता तोडू नका. मनात वीसपर्यंत मोजा.

आशाताईंना वेगळं विचारा: पहिल्या दिवशी मास्क कोणी दिला, घरी परतल्यावर अंघोळ कुठे, घरच्यांनी काय म्हटलं, कोणत्या दारातून परत पाठवलं, रजिस्टर किती भरली. त्यांची रजिस्टर अनेकींनी जपली आहेत. ती समोर असली की प्रत्येक ओळीला एक घर आठवतं. मात्र त्यातल्या रुग्णांची नावं कधीही प्रदर्शित करायची नाहीत.

बोली सुधारू नका. वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी, दखनी जशी येईल तशी येऊ द्या आणि लिहितानाही तशीच लिहा. ‘माय लेकराच्या दवाखान्यात एकटी होती’ याचं ‘माता रुग्णालयात एकाकी होती’ असं केलं की ती माय हरवते.

दुःख आलं तर

ते येणारच. ‘तेव्हाच दवाखान्यात नेलं असतं तर’ हे वाक्य मी प्रत्येक दुसऱ्या घरात ऐकलं आहे. तुम्ही न्यायाधीश नाही, डॉक्टरही नाही. ‘तुमचा काही दोष नाही’ असं घाईनं म्हणून विषय मिटवू नका, ऐकून घ्या. विचारा, ‘थांबू या का?’ थांबायचं म्हणाल्या तर मुद्रण बंद करून ते बंद झाल्याचं दाखवा. पाणी द्या. लगेच उठू नका. दुसऱ्या दिवशी फोन करा आणि आठवड्यानं एकदा जाऊन या. मुलाखतीचं काम तेवढ्यानंच पुरं होतं. कोणी फारच खचलेलं वाटलं तर टेली मानस ही सरकारी, मोफत मानसिक आरोग्य मदतवाहिनी १४४१६ या क्रमांकावर आहे. नंबर चिठ्ठीवर लिहून द्या, नुसता सांगून पुरत नाही.

ऐकणाऱ्याचंही पाहा. एका दिवशी एकच मुलाखत. आमच्यातल्या एका मुलानं आठवड्यात सहा घेतल्या आणि नंतर महिनाभर तो आलाच नाही. चूक आमची, आम्ही त्याला अडवलं नाही.

घरी आल्यावर

त्याच रात्री फाइलला नाव द्या: तारीख, वस्ती, क्रमांक. व्यक्तीचं नाव फाइलच्या नावात नको. ते वेगळ्या वहीत. तीन प्रती करा, त्यातली एक दुसऱ्या घरात. एका तासाचं मुद्रण शब्दशः लिहायला सरावलेल्या माणसालाही पाच-सहा तास लागतात. मशीननं लिहून घेतलंत तरी बोली त्याला झेपत नाही, पुन्हा ऐकावंच लागतं. निदान दर पाच मिनिटांना काय बोललं गेलं याची सूची तरी कराच, नाहीतर सहा महिन्यांनी काही सापडत नाही.

व्हॉट्सॲपवरचे आवाजी निरोप विसरू नका. दवाखान्यातून आईनं पाठवलेला ‘जेवलास का’ हा आठ सेकंदांचा निरोप त्याच क्षणी झालेलं मुद्रण आहे, नंतर आठवून सांगितलेलं नव्हे. ‘एक्सपोर्ट चॅट’ करून, मीडियासह, तो फोनबाहेर काढून द्या. हे काम आधी त्या घरासाठी करा. प्रदर्शनात येवो न येवो. फोन बदलले की हे निरोप बऱ्याचदा जातात, कायमचे.

वस्तू

प्रत्येक मुलाखतीच्या शेवटी विचारा, ‘त्या दिवसांतलं काही ठेवलंय का?’ ऑक्सिजनचे आकडे लिहिलेली मुलाची गणिताची वही, वाफ घ्यायचं पातेलं, जुन्या साडीचे शिवलेले मास्क, नाव चिकटवलेला डबा, ई-पास, औषधाच्या दुकानाची बिलं. वस्तू घेताना पावती द्या: काय घेतलं, कोणत्या अवस्थेत, कधी परत. मौल्यवान किंवा फारच जवळची असेल तर फोटोच घ्या. वस्तू स्वच्छ करू नका, पातेल्याचा काळा बूड तसाच राहू द्या.

मांडणी

जागा अशी निवडा जिथे बायका विनाकारण येऊ शकतात. सार्वजनिक वाचनालय, शाळेचा वर्ग, समाजमंदिर. गणपतीच्या मंडपात देखावा म्हणून मांडायचा मोह होतो. गर्दी मिळते, पण ध्वनिक्षेपकापुढे कुणाचाच हळू आवाज टिकत नाही. मला सगळ्यात योग्य वाटतो तो संक्रांत ते रथसप्तमीचा हळदीकुंकवाचा काळ, मात्र कुंकवाचा कार्यक्रम न ठेवता. कोविडनं विधवा झालेल्या बायकाच तुमच्या प्रदर्शनाच्या मानकरी आहेत. त्यांना दारात अवघडायला लावू नका. तिळगूळ सगळ्यांना द्या.

भोपाळमध्ये २०१४ साली उघडलेल्या ‘रिमेंबर भोपाळ’ संग्रहालयात वायुगळतीतून वाचलेल्यांच्या वस्तू आहेत आणि टेलिफोन कानाला लावून त्यांचे आवाज ऐकायचे आहेत. ही युक्ती आपल्याकडेही फार चालते. क्यूआर कोड लावा, पण तेवढ्यावर विसंबू नका. सत्तरीच्या आजी तो स्कॅन करत नाहीत. जुने मोबाइल आणि कानावर बसणारे हेडफोन, प्रत्येकात एकच तुकडा, दीड ते तीन मिनिटांचा. शेजारी बसायला खुर्ची. तोच मजकूर मोठ्या अक्षरांत कागदावर, म्हणजे कमी ऐकू येणाऱ्यांनाही वाचता येईल. चकाकणारा फ्लेक्स टाळा; कार्डशीटवर सुवाच्य हस्ताक्षर त्याहून चांगलं वाचलं जातं.

मधोमध एक खोली उभी करा. खाट, उशा, खिडकीत औषधं, आणि उंबऱ्याबाहेर स्टूल. स्टुलावर झाकलेलं ताट. बाकी सगळं हुकलं तरी चालेल, हे हुकवू नका. आमच्याकडे लोक त्या स्टुलाशीच थबकले. खाटेच्या बाजूनं उभं राहिलं की आजाऱ्याचे आवाज आणि उंबऱ्याच्या बाहेरून शुश्रूषा करणाऱ्यांचे, अशी मांडणी केली तर माणूस आपोआप दोन्ही बाजूंनी फिरतो.

भिंतीसाठी गोधडी. प्रदर्शनाआधी महिनाभर दर शनिवारी बायका जमून त्या काळातल्या साड्यांचे, मास्कचे तुकडे जोडतात. हात गुंतले की तोंड मोकळं होतं, आणि पुढच्या मुलाखती तिथेच ठरतात. त्या गप्पांचं मुद्रण मात्र करू नका; दहा आवाज एकमेकांत मिसळतात, आणि ती बैठक त्यांची आहे.

आठवणदोरी भिंतीवर ताणा, खाली कोऱ्या चिठ्ठ्या आणि चिमटे ठेवा. लोक आपली तारीख लटकवतात, दुसऱ्याची दुरुस्त करतात. कोपऱ्यात पडद्याआड बोलायची जागा ठेवा, तिथे एकानं कायम बसावं. उद्घाटनाला भाषण नको. ज्यांचे आवाज आहेत त्यांना आदल्या संध्याकाळी घरच्यांसह बोलवा, त्यांनी आधी पाहावं. त्याच वेळी कोणी ‘माझं नको’ म्हणालं तर तो फोन तिथल्या तिथे काढा. आमच्याकडे एका काकूंनी सांगितलं, आम्ही काढला, आणि रिकाम्या खुर्चीवर ‘हा आवाज घरी आहे’ असं त्यांच्या संमतीनं लिहिलं.

आवरताना

प्रदर्शन दहा दिवसांपेक्षा लांबवू नका, राखणारी माणसं थकतात. चिठ्ठ्यांचे फोटो काढा, मागे तारीख टाका. मुद्रणाची एक प्रत वाचनालयात, एक जवळच्या महाविद्यालयाच्या इतिहास विभागात, ज्यांनी संमती दिली त्यांचीच. बायकांच्या मौखिक इतिहासाचं काम कसं टिकवतात हे पाहायचं असेल तर मुंबईत १९८८ पासून हेच करणाऱ्या ‘स्पॅरो’ या संग्रहाची पद्धत समजून घ्या.

पहिली प्रत मात्र बोलणारीच्या घरी जायला हवी. पेन ड्राइव्ह देऊ नका, तो डब्यात पडून राहतो; तिच्या किंवा नातवाच्या फोनवर फाइल टाकून, लावून, ऐकू येतंय ना ते पाहून मगच उठा. वस्तू परत करायला दोघांनी जावं, पावतीवर सही घ्यावी. मावशींचं ताट मी परत द्यायला गेले तेव्हा त्यांनी ते माळ्यावर ठेवलं नाही. मोरीत नेऊन घासलं आणि फळीवर इतर ताटांत लावलं. लाल दोऱ्याची वाटी त्यांनी मला ठेवायला सांगितली. ती आमच्या वहीत क्रमांक चौदा आहे.